झालम नावाचा पदार्थ

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. साष्टांग घालायची इच्छा फार आहे, पण महिन्यापासून कंबर धरली आहे आणि एकदा खाली गेलो की उठवायला दोन माणसं लागतात, म्हणून तूर्त उभ्यानेच घालतो, तो गोड मानून घे. इकडे सर्व क्षेम आहे (असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं, पुढे वाचशील तेव्हा कळेलच). तुझा रक्तदाब काय म्हणतो? भाऊजींचा गुडघा आता वाकतो का, की अजून पाय समोरच्या खुर्चीवर टाकून टीव्हीतल्या खेळाडूंना कसं पळावं ते शिकवत असतात? त्यांना माझा नमस्कार सांग. ते माझ्यावर रागावलेले असतील तर सांगू नकोस. ते रागावलेले नसून एकटी तूच रागावलेली असशील, तर हे पत्र आधी त्यांच्याकडे दे आणि त्यांनी त्यातला बरा बरा भाग निवडून तुला वाचून दाखवावा.

सात महिने आपण बोललो नाही. मी फोन केले नाहीत असं नाही. चार वेळा केला, चारही वेळा तू कापलास. पाचव्यांदा भाऊजींनी उचलला आणि ‘ती आंघोळीला गेली आहे’ असं म्हणाले, आणि त्यांच्या मागून तुझा आवाज स्पष्ट ऐकू आला, ‘सांगा, आंघोळीला गेलेय म्हणून.’ तेव्हाच ठरवलं की पत्र लिहायचं. पत्र कापता येत नाही. फाडता येतं, पण तू कागद फाडणाऱ्यांतली नाहीस, मागच्या कोऱ्या बाजूवर सामानाची यादी करणाऱ्यांतली आहेस, म्हणून मुद्दाम दोन्ही बाजूंनी लिहितो आहे.

सांगायचं आहे ते एका ओळीत मावण्यासारखं आहे. आई गेल्यावर चौथ्या दिवशी तिचं कपाट आवरताना मी तुला जो आलेख दाखवला, तो साफ चुकीचा होता. झालं सांगून. पण नुसतं एवढंच लिहिलं तर तू म्हणशील, चुकला तर चुकला, आता कोणाला हवाय तो. आणि दुसरं असं की नुसती कबुली देऊन मोकळं व्हायचा माझा स्वभाव नाही, हे तू लहानपणापासून बघते आहेस. फुलदाणी मी फोडली हे सांगायला मला आधी मांजरापासून सुरुवात करावी लागायची. तेव्हा मांजरापासून ऐक.

माझं काम नक्की काय आहे हे तुला वीस वर्षांत कळलेलं नाही, त्यात तुझा दोष नाही. आई शेजाऱ्यांना सांगायची, ‘कॉम्प्युटरमध्ये आहे’, आणि भाऊजी सांगतात, ‘संडासात आहे’. दोघांचंही बरोबर आहे. माणसाच्या आतड्यात अब्जावधी जंतू राहतात. आपण खातो त्यातलं जे आपल्याला पचत नाही त्यावर ते जगतात, आणि कोणाच्या पोटात कोणते जंतू माजतात नि कोणते मरतात ते त्याच्या ताटावर ठरतं. आमच्या संस्थेत चारशे बारा माणसांकडून दर दोन महिन्यांनी एकेका कुपीत नमुना येतो (कशाचा ते जेवता जेवता वाचत असशील तर विचारू नकोस). खालच्या मजल्यावरच्या मुली त्यातले जंतू ओळखून त्यांची यादी करतात. दुसरी यादी त्या माणसांनी स्वतः लिहिलेली असते: आहारवहीत रोज तीन वेळा, काय खाल्लं आणि किती. माझं काम वरच्या मजल्यावर बसून या दोन याद्यांची सोयरीक जुळवायची. अमुक खाणाऱ्याच्या पोटात तमुक जंतू. आईची सोडली तर मी आजवर एकही कुपी डोळ्यांनी पाहिलेली नाही, एकही वही उघडलेली नव्हती. मी फक्त आकडे बघतो, आणि या गोष्टीचा मला अभिमानही होता.

साठीच्या पुढच्या बायका पुरेशा मिळेनात म्हणून मी आईला घेतलं, हे तुला आठवत असेल, कारण त्या दिवशी तिनं तुला फोन करून माझी तक्रार केली होती. त्या कुपीच्या झाकणाला आतून एक चिमुकला चमचा असतो. तो बघून ती म्हणाली, ‘एवढं शिकवलं तुला, ते ह्याच्यासाठी?’ पण दिलं हो. कुपी वर्तमानपत्रात गुंडाळली, त्यावर प्लास्टिकची पिशवी, त्यावर जुन्या उशीचा अभ्रा, आणि वरून लोकलाजेस्तव मोठ्या अक्षरांत ‘औषध’ असं लिहिलं. त्यामुळे आमच्या दारवानानं ते पुडकं समोरच्या औषधांच्या दुकानात नेऊन दिलं आणि तिथल्या माणसानं ते उघडून बघितलं. (त्या दुकानातून आम्हाला आता उधार सोडाच, रोखीनेसुद्धा हसतमुखानं काही मिळत नाही.) तुझ्याकडे ती तीन आठवडे राहायला आली होती तेव्हाचा चौथा नमुना तुझ्याच फ्रीझरमधून आला. कुपी ठेवायची ती चंदेरी पिशवी भाऊजींनी आइस्क्रीम समजून उघडली होती, आणि त्यानंतर त्यांनी बर्फसुद्धा घेतला नाही म्हणे. आईचा क्रमांक एकशे सतरा. कोणता क्रमांक कोणाचा हे आम्हाला कळू नये असा नियम आहे, पण चिकटपट्टी मीच लावली होती, आणि आईचा नंबर विसरावा कसा?

आता मांजराकडून फुलदाणीकडे येतो. वहीतला एखादा शब्द आमच्या पदार्थांच्या यादीत नसला तर यंत्रानं काय करायचं? कोणी वाईट अक्षरात लिहितं, कोणी घरगुती नावं लिहितं. चार वर्षांपूर्वी मी प्रोग्राममध्ये एक ओळ घालून ठेवली: शब्द कळला नाही, तर त्या जागी एक सरासरी जेवण धरावं. सहाशे बारा कॅलरी. ती ओळ लिहायला मला अर्धं मिनिट लागलं असेल. नंतर मी चहाला गेलो होतो एवढं आठवतं.

दोन महिन्यांपूर्वी आमच्याकडे एक नवीन बाई आल्या. आम्ही त्यांना आकडेबाई म्हणतो. त्यांना कोणाचीच जुनी ओळ पसंत पडत नाही. त्यांनी माझी ती ओळ बंद केली आणि न कळलेल्या प्रत्येक शब्दाला वेगळा पदार्थ म्हणून यादीत बसवलं. त्यांचं म्हणणं, माहीत नाही म्हणून सरासरी कशाला भरायची? दुसऱ्या दिवशी साठीपुढच्या बायकांच्या पदार्थांची यादी निघाली. पहिला चहा, दुसरा भात, आणि तिसरा पदार्थ, जो आम्ही जन्मात ऐकला नव्हता, झालम. अठ्ठावन्न बायका झालम खात होत्या, काही जणी दिवसातून तीन वेळा. पुरुष फक्त दोन (त्यातला एक विधुर आहे आणि एक स्वयंपाकी). आणि झालम खाणाऱ्यांच्या पोटात एक विशिष्ट जंतू इतका बेसुमार वाढलेला की आकडेबाईंनी गणित तीनदा करून पाहिलं.

साहेबांना तर हर्षवायू व्हायचा बाकी होता. त्यांना आपली भाषा येत नाही. त्यांनी वजनांचे आकडे लावून बघितले, तर झालम जेवढा जास्त तेवढं वजन कमी! वर्षाला पाच-पाच, सहा-सहा किलो! आठवड्याच्या बैठकीत त्यांनी पडद्यावर झालम असं लिहिलं आणि बाजूला कुठल्याशा हिरव्या पालेभाजीचं चित्र लावलं. गरीब म्हाताऱ्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं हे गुपित आहे, असं ते म्हणाले. उंदरांच्या दोन टोळ्या करून एकीला झालम द्यायचा आणि दुसरीला नाही, असा प्रस्तावही लिहायला घेतला. फक्त झालम कुठे मिळतो ते शोधायचं होतं, आणि वह्या आपल्या भाषेतल्या म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

ताई, मी तीन आठवडे झालम शोधत होतो. कोपऱ्यावरच्या वाण्याला विचारलं. तो क्षणभरही न थांबता म्हणाला, ‘साधा हवा की भारीतला?’ मी भारीतला म्हटल्यावर म्हणाला, ‘संपलाय, गुरुवारी येईल.’ आमच्या उपाहारगृहातला स्वयंपाकी म्हणाला, की आधीच्या नोकरीत तो झालम नेहमी करायचा, पण इथल्या लोकांना चव नाही. शाळेतल्या आपल्या जुन्या सरांना फोन केला (अजून खणखणीत आहेत, तुझी चौकशी केली), तर ते म्हणाले, हे एक भरड धान्य असून आता नामशेष झालं आहे, त्यांच्या आजीनं खाल्लेलं त्यांना पक्कं आठवतं. तुझी भावजय तेवढी म्हणाली की असलं काही नसतं. मी तिला म्हटलं, तुला स्वयंपाकातलं काय कळतं. (हे वाक्य मी कोणत्या हिमतीनं बोललो ते मला माहीत नाही. त्याचे परिणाम वेगळ्या पत्राचा विषय आहेत.)

मग एका रविवारी दुपारी आम्ही जेवायला बसलो. पोरीला वाढून झालं, मला वाढून झालं, आणि ही ओट्यापाशी उभी राहून फडक्यानं हात पुसत होती. मी सहज म्हटलं, तू पण बस की. ती म्हणाली, ‘तुम्ही बसा, माझं झालं.’

माझा घास तोंडातच राहिला. आपली अक्षरं यंत्राला चालत नाहीत, म्हणून वह्या टाइप करणारी मंडळी ती परक्या लिपीत उतरवतात, आणि आपल्या डोक्यावरच्या त्या टिंबाचा तिकडे म होतो. झालं. झालम. मी हिला विचारलं, काय झालं तुझं? ती म्हणाली, म्हणजे? मी म्हटलं, काय खाल्लंस? पदार्थ सांग, प्रमाण सांग. ती घाबरली, तिला वाटलं माझ्या डोक्यावर परिणाम झाला. पण शेवटी सांगितलं: सकाळचा उरलेला अर्धा पाव आणि कपभर चहा. ‘झालं ना मग ते,’ म्हणाली. पोरगी माझ्याकडे आणि मी ताटाकडे बघत बसलो. पुढचं तुला कळलंच असेल, तुला माझ्यापेक्षा सगळं आधी कळतं.

सोमवारी सकाळी मी दप्तरखान्यात गेलो. तळघरातली खोली आहे, लोखंडी मांडण्या, क्रमांक घातलेली खोकी, आणि एक ट्यूब जी पेटायची की नाही ते शेवटपर्यंत ठरवत नाही. एकशे सतराचं खोकं काढलं. आईच्या निळ्या वह्या. वेळ, पदार्थ, प्रमाण, शेरा, असे चार रकाने आणि तिचं ते उजवीकडे कलंडणारं अक्षर. सकाळ, झालं. दुपार, झालं. रात्री, झालं. पान उलटलं, तेच. कुठे कुठे ‘दुपार, सगळ्यांबरोबर’ असं होतं. दुपारी आमच्या घरात ती आणि भिंतीवरचं घड्याळ याशिवाय कोणी नसायचं, ताई. पहिल्या तिन्ही वह्या अशा. रोज सहाशे बारा गुणिले तीन, अठराशे छत्तीस कॅलरी, माझ्या ओळीनं तिच्या नावावर भरलेल्या.

मग चौथ्या वहीत अक्षर बदललं. चष्मा आमच्याकडे विसरली होती म्हणून तुझ्याकडच्या तीन आठवड्यांची वही तू लिहिलीस. कुस्करलेला बटाटा, अर्धी वाटी. दुधात भिजवलेला पाव, पाऊण वाटी. मऊ भात आणि भाजीचं पाणी, दोन पळ्या. आणि तो शेऱ्याचा रकाना, जो चारशे बारा माणसांत कोणीच भरत नाही, तो तू काठोकाठ भरलेला. ‘सांडलं. परत दिलं.’ ‘कवळी काढून ठेवायला लावली, हिरडी लाल झाली आहे.’ ‘माझ्यावर चिडली. पण खाल्लं.’ ‘आज स्वतःहून मागितलं.’ मी तिथे स्टुलावर बसून रडलो, चांगला हमसून रडलो, लपवून काय करू. दप्तरवाले काका उठून आले. मला वाटलं धीर द्यायला आले. म्हणाले, ‘कागद भिजवू नका, एकच प्रत आहे.’

कवळी टोचते हे आईनं मला थंडीच्या आधी सांगितलं होतं. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात दातांच्या डॉक्टरकडे जाऊ. पुढच्या आठवड्यात मी परत तेच म्हटलं. असे किती पुढचे आठवडे गेले ते मी मोजले आहेत, पण तो आकडा मी तुला सांगणार नाही. मग तिनं सांगणं सोडलं, आणि मला वाटलं, टोचायची थांबली.

आता तो चौथा दिवस. तू तिचं कपाट आवरत होतीस. कपडे कमरेला पिना लावून लावून आत घेतलेले, एकात एक चार पिना. मागच्या बाजूला रुमालात गुंडाळलेली कवळी सापडली. तू मला फक्त एवढंच विचारलंस, ‘ही तिनं कधीपासून लावली नव्हती रे?’ ताई, तू आरोपसुद्धा केला नव्हतास. पण मला तो लागला, आणि माणसाला लागलं की तो आपल्या हातात असेल ते फेकतो. तुझ्या हातात कवळी होती, माझ्या पिशवीत आलेख होता. आई वाळत चालली आहे असं तू आधी दोनदा फोनवर म्हणाली होतीस, म्हणून तुझी खात्री पटवायला मी तो ऑफिसातून छापून आणला होता. रंगीत. तो मी तिच्या पलंगावर पसरला. आमच्या घरची अठराशे छत्तीसची सरळ रेघ, आणि मध्ये तुझ्या तीन आठवड्यांचा खड्डा: हजार चाळीस, नऊशे साठ, अकराशे नव्वद. मी त्या खड्ड्यावर बोट ठेवलं आणि म्हणालो, उपाशी राहिली असेल तर ती तुझ्याकडे राहिली. तू रुमालाची घडी घातलीस, तो पर्समध्ये ठेवलास आणि निघून गेलीस.

ती रेघ किती सरळ होती हे मला तेव्हा दिसलं नाही. उलट आई किती नियमित, याचं कौतुक वाटलं होतं. जिवंत माणूस कधी रोज मोजून तेवढंच खातो का? तुझा खड्डा वेडावाकडा होता, कारण त्या आलेखात तेवढंच जेवण खरं होतं.

जंतूंचं सांगायचं राहिलं, तेच तर सांगायला बसलो होतो. झालम खाणाऱ्यांच्या पोटात जो बेसुमार वाढतो, त्याला मी भिंतखाऊ म्हणतो. आतड्याच्या भिंतीला आतून एक बुळबुळीत लेप असतो. थोडे भिंतखाऊ सगळ्यांच्याच पोटात असतात आणि असलेले बरे. पण वरून जेवण येईनासं झालं की ताटावर जगणारे जंतू मरतात, आणि हा भिंतीचा लेप खरवडून खात वाढत राहतो. आईच्या पहिल्या कुपीत तो बराच होता, दुसरीत त्याहून जास्त, तिसरीत मी आकडा वाचून खुर्चीवरून उठलो. आणि चौथ्या कुपीत, ताई, तुझ्या फ्रीझरमधून आलेल्या, भाऊजींनी आइस्क्रीम समजून उघडलेल्या त्या कुपीत, तो खाली बसला होता. ताटावरचे परत आले होते. सगळे नाहीत, पण बरेच. जंतूंना वही लिहिता येत नाही आणि कोणाची समजूतही घालता येत नाही. त्यांचं म्हणणं एवढंच आहे की तुझ्याकडे ती जेवली.

भाऊजींच्या ऑपरेशनसाठी तू तिला परत पाठवलंस, आणि दोन महिन्यांत ती गेली, याचं तू मनाला लावून घेतलं आहेस हे मला भाऊजींनी त्या फोनवर हळूच सांगितलं (तू आंघोळीला गेली होतीस तेव्हा). डॉक्टर म्हणाले हृदय, आणि ते खरंच असणार, मी डॉक्टर नाही. पण लावून घ्यायचं असेल तर ते माझ्या मनाला लावायचं आहे, तुझ्या नाही. तुझ्याकडे तीन आठवडे होते, माझ्याकडे दोन वर्षं होती. मला माफ कर असं लिहायला मी सहा पानं घेतली. आता लिहिलं.

साहेबांना सांगावं लागलंच. बैठकीत उभा राहून मी म्हटलं, झालम हा पदार्थ नाही, आमच्या बायका जेवल्या नसल्या की हा शब्द बोलतात. आकडेबाईंनी विचारलं, मग तिथे शून्य भरायचं का? मी म्हटलं, शून्यही भरता येणार नाही, कारण कधी कधी खरंच झालेलं असतं. कोणतं झालं खरं आणि कोणतं खोटं हे यंत्राला कळत नाही, आणि मला तर समोर बसूनही कळलं नव्हतं. साहेबांनी पडद्यावरची ती पालेभाजी काढून टाकली, उठून बाहेर गेले आणि व्हरांड्याच्या खिडकीशी उभं राहून कोणाला तरी फोन लावला. त्यांच्या भाषेत त्यांनी तीन शब्दांचा एक प्रश्न विचारला. मला ती भाषा येत नाही, पण प्रश्न कळला. उत्तर ऐकून त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला.

भाऊजींच्या गुडघ्याला आणि तुझ्या रागाला आराम पडो. पोरीचा तुला गोड पापा, तुझ्या भावजयीचा नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. सोबत एक फॉर्म जोडला आहे, खरं म्हणजे पत्र त्याच्यासाठीच लिहिलं. आईची पाचवी कुपी अजून शीतकपाटात आहे. जायच्या नऊ दिवस आधी दिलेली, तुझ्याकडून परत आल्यावर सात आठवड्यांनी. माणूस गेलं की सगळ्या मुलांच्या सह्या झाल्याशिवाय ती उघडत नाहीत. दोन चौकोन आहेत, ‘तपासावी’ आणि ‘नष्ट करावी’. माझी सही केली आहे, चौकोन कोरा ठेवला आहे. तुला सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण सांगतो: परत आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं वहीत लिहिलं आहे, ‘सकाळ, झालं’. आणि स्वतःच्या हातानं पहिला आणि शेवटचा शेराही लिहिला आहे: ‘मोठीनं तीन आठवडे भरवलं. ते पुरेल.’ ते किती दिवस पुरलं, ते त्या कुपीत आहे. मला एकट्याला ती वाचायचा धीर नाही. तू नको म्हणालीस तर नाही वाचणार. वाचायची म्हणालीस तर इकडे ये, शेजारी बसून वाचू. येताना तो रुमाल आण.

ता. क. २. वाण्याकडे गुरुवारी झालम आला. भारीतला. त्यानं मोठ्या आपुलकीनं बाजूला काढून ठेवला होता, नाही म्हणवेना. तपकिरी रंगाचा भरडा आहे, कशाचा आहे ते त्यालाही माहीत नाही. भाऊजींना हवा असल्यास कळव.

ता. क. ३. उत्तरात आज दुपारी काय जेवलीस ते लिही. पदार्थ आणि प्रमाण. एका शब्दात लिहिलंस तर पत्र परत पाठवीन.

ता. क. ४. हे लिहिताना आतून मला तीनदा जेवायला हाक आली. तिन्ही वेळा मी काय उत्तर दिलं, ते तुला ओळखता येईल. आता पोरगी स्वतः दारात येऊन उभी राहिली आहे, हातात वही आहे, आणि विचारते आहे, ‘काय झालं बाबा? पदार्थ सांगा.’ उठतो.